गालावरची खाच

मी रुपया बोलतोय. तुमच्या खिशात खुळखुळणारा हलका गडी नव्हे. मी चांदीचा, तोळाभर वजनाचा, राणीच्या छापाचा. तिसगावच्या झुंबरबाईच्या कमरेच्या पिशवीत साठाहून जास्त वर्षं काढलेला. आता मी इतका चकचकीत दिसतो की घरी येणारा प्रत्येक जण मला हातात घेऊन वा म्हणतो. म्हणू देत. मला माझंच तोंड ओळखू येत नाही.

माझा जन्म मुंबईच्या टांकसाळीतला. ज्या ठशाखाली मी दाबला गेलो, त्याला तडा गेलेला होता. त्या तड्यात माझी चांदी शिरली आणि राणीच्या मुकुटापासून मानेपर्यंत एक बारीक उठलेली रेघ घेऊन मी बाहेर पडलो. टांकसाळीतल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. सरकारी काम असंच चालतं.

कुठं कुठं फिरत मी तिसगावात एका सुईणीकडे आलो. ती झुंबरबाईची सासू. त्या काळी बाळाची नाळ रुपयावर ठेवून कापायची रीत होती, आणि गावातल्या निम्म्या घरांत रुपया नसायचा. मग सुईण मलाच काढायची, गरम पाण्यात बुचकळायची आणि माझ्यावर नाळ ठेवून विळ्यानं कापायची. विळा जरा जोरात बसला की माझ्यावर चरा उठायचा. असे पुष्कळ चरे माझ्या अंगावर होते. एवढी पोरं अंगाखांद्यावर घेतलेला रुपया दुसरा दाखवा मला.

राणीच्या गालावर मात्र एक खोल खाच होती. ती झुंबरबाईच्या स्वतःच्या हातची.

तेव्हा ती अठरा वर्षांची. भर दुपारी घरातले सगळे बाजरीच्या काढणीला गेले होते आणि दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. हाकेला कुणी नव्हतं. कोनाड्यातून तिनं विळा घेतला, मला घेतलं, आणि आपल्याच लेकराची नाळ आपणच कापली. किती जोर लावायचा ते तिला ठाऊक नव्हतं. सगळा जोर माझ्यावर आला. मुलगी झाली होती. चार दिवस जगली. पाचवी पुजायची राहून गेली, बाराव्या दिवसाचं नाव तर लांबच. कुठल्या कागदावर ती नाही, फोटो नाही. सासूनं सांगितलं, बोलायचं नाही, पुढचं लेकरू टिकत नाही. ती बोलली नाही.

पुढं सासूचं काम तिच्याकडे आलं, मी आलो. गोरक्ष झाला, टिकला, मोठा झाला. दिवसभराच्या कामातून पाय पसरून बसली की झुंबरबाई मला काढायची आणि अंगठा राणीच्या गालावर ठेवायची. बाकीच्या चऱ्यांवरून तो नुसता जायचा, त्या खाचेत मात्र थांबायचा. अलीकडे तिचे डोळे गेले, तरी अंगठ्याला वाट पाठ होती. त्या मुलीचं या जगात उरलेलं तेवढंच होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

गोरक्ष आता साठीचा. पिठाची गिरणी चालवतो, स्वभावानं गरीब, आईवर जीव. नगरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे, तिथं नाणी तपासून देतात, असं गिरणीत कुणीतरी बोललं आणि त्याच्या डोक्यात मी आलो.

"नुसता दावून आनतो, आई."

"आन लवकर. आन् हाय तसा आन," झुंबरबाई म्हणाली. कारण तिनं तेव्हाही सांगितलं नाही.

प्रदर्शनात शमुवेल सर बसले होते. निवृत्त शिक्षक, नाण्यांचा नाद. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला उजेडात तिरका धरला. उठलेल्या रेघेवर नख फिरवलं आणि खुर्चीत पुढं सरकले.

"गोरक्षराव, ठशालाच तडा होता बघा. असा रुपया क्वचित हाती लागतो." मग माझे चरे बघून त्यांचा चेहरा उतरला. "या मात्र खोल गेलेल्या खाचा. नंतरच्या, माणसाच्या हातच्या. ही गालावरची तर फारच वाईट. हिनं नाण्याची पार रया घालवली. आता काही करू नका याला, आहे तसा ठेवा."

गोरक्षला त्यातलं 'फारच वाईट' तेवढं ऐकू आलं. आईच्या वस्तूला चारचौघांत खालचा दर्जा मिळाला, हे त्याला लागलं. परतताना तो एका सोनाराकडे शिरला.

सोनारानं चांदी वितळवून खाच भरली. मग फिरत्या चाकावर मला धरलं. पोरांचे चरे गेले. राणीचं नाक बसलं. माझी जन्माची रेघही घासली गेली. ओरडायला मला तोंड होतं ते राणीचं, आणि तेही चाकाखाली होतं.

गोरक्षनं माझा फोटो सरांना पाठवला. उत्तर आलं, "रेघ कुठे गेली?" त्यानं मला उजेडात तिरका धरून पाहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "जाऊ दे. आई तरी खूश व्हईल."

झुंबरबाई ओट्यावर बोटांनी चाचपून मटकी निवडत होती. त्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं. अंगठा सवयीनं गालावर गेला आणि सरळ पुढं घसरला. परत आला. पुन्हा घसरला. तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं.

"ह्यो कुनाचा रुपया आनलास?"

"आपलाच हाय, आई. साफ करून आनलाय. त्या खाचंनं वाटुळं झालं हुतं त्याचं."

"ती खाच न्हाई, गोरक्षा," ती म्हणाली. "ती तुजी थोरली बहीन हुती."

तो खाली बसला. राणीच्या गालावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "परत पाडून आनू का तिथंच?"

तिनं मला त्याच्या हातात दिलं आणि पुन्हा मटकी निवडायला लागली.

आता मी काचेच्या कपाटात असतो, कपबश्यांच्या शेजारी. जाणकारांच्या लेखी मी बाद आणि झुंबरबाईच्या लेखी परका. ती ओट्यावर बसलेली मला दिसते. तिचा अंगठा अजून फिरतो, तिच्याच रिकाम्या बोटावर.

मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. एक मुलगी तिसगावात जन्मली होती आणि चार दिवस जगली होती. ती झुंबरबाईच्या मागं लक्षात ठेवायला मी होतो. माझ्या अंगावर आता काही उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.