तासाभराची आई

फुकट म्हटलं की पद्मिनीचे कान टवकारायचे. शॉमबर्गच्या मॉलमध्ये एका स्टॉलवरच्या पोराने तिला गाठलं. ऑरलँडोला आमच्या रिसॉर्टमध्ये चार दिवस राहा, थीम पार्कची तिकिटंही आमच्याकडून, तुम्ही नाममात्र पैसे भरा. अट एकच, नवरा-बायकोने जोडीने बसून तासभर टाइमशेअरचं भाषण ऐकायचं. टाइमशेअर म्हणजे एकच फ्लॅट आठवड्या-आठवड्याने पन्नास जणांच्या गळ्यात मारायचा धंदा. ऐकायचं, मान डोलवायची आणि काही न घेता उठायचं. "एवढंच ना?" पद्मिनी म्हणाली होती. "सासूबाईंचं इतकी वर्षं ऐकतेय, यांचं तासभर ऐकायला माझं काय जातंय!"

पॅकेज घेतलं आणि वर्षाच्या आत बाई गेली. पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेली काय, नको ते निघालं काय, आणि बघता बघता सगळं संपलं. नेपरव्हिलच्या घरात मागे राहिले नवरा श्रीराम आणि सात वर्षांची आन्या. दवाखान्याची बिलं राहिली आणि ऑरलँडोचं ते मेलं पॅकेज राहिलं.

मार्चअखेर त्याची मुदत संपणार, म्हणून श्रीरामने रिसॉर्टला फोन लावला. आता सरळ सांगून टाकावं ना, बायको वारली म्हणून! पण ऑफिसात भरल्या हॉलसमोर बोलणारा हा माणूस, त्याच्या तोंडून ते वाक्य काही बाहेर पडेना. "माय वाइफ इज नॉट अव्हेलेबल," एवढंच तो म्हणाला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "नो प्रॉब्लेम सर, त्या अव्हेलेबल असतील ती तारीख द्या. दोघं आला नाहीत तर मात्र सगळ्याचा पूर्ण दर पडेल." आणि ह्याने तारीख दिली. दिली की हो! फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय करून बसलोय ते.

मग त्याने फ्रीमाँटला मेहुणीला फोन केला. रेणू, पद्मिनीची धाकटी बहीण, बिनलग्नाची, तिथल्याच एका कंपनीत नोकरीला.

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी ताई बनून येऊ?"

"तिचं लायसन्स आहे माझ्याकडे. तुम्ही दोघी दिसता सारख्या. इथे कोण बघतंय निरखून?" श्रीराम म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "तिने आन्याला प्रॉमिस केलं होतं गं. पूर्ण पैसे भरून न्यायला या वर्षी मला जमणार नाही. आणि पोरगी वर्षभरात एकदाही 'आई' हा शब्द बोललेली नाही. मला भीती वाटते यार."

रेणूचा राग तिथेच विरला. भीती तिलाही वाटत होती, पण वेगळी.

पद्मिनीचे दिवस झाले तेव्हा शेजारच्या शोभनाकाकूंनी भरल्या घरात रेणूच्या पाठीवरून हात फिरवला होता. "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काय उगीच? आन्याला तू आहेस, मग काळजी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नागपूरहून रेणूची आईसुद्धा फोनवर आडून आडून तेच सुचवत राहिली. रेणूला त्या म्हणीची किळस आली. माय मरो, असं कुणी म्हणतं का? तिची ताई खरोखरच मेली होती, आणि ही माणसं जणू ठरल्याप्रमाणे सगळं झालं अशा समाधानाने चहा पीत होती. त्याच दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, आन्याचे लाड करीन, तिला हवं नको बघीन, पण तिच्या मनातल्या ताईच्या जागेवर पाऊल ठेवणार नाही. आपण तिथे बसलो तर ताई पोरीच्या मनातून कायमची पुसली जाईल, हीच तिची भीती होती.

तरी ती गेली. पोरीच्या तोंडाकडे बघून गेली.

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीने लायसन्सवर नजर टाकली न टाकली आणि तोंडभरून म्हणाली, "वेलकम, पद्मिनी!" आन्या बाबाचा हात धरून उभी होती. ती मावशीकडे टक लावून बघत राहिली.

खोलीत वेगळंच वाढून ठेवलं होतं. टेबलावर केक, त्यावर क्रीमने लिहिलेलं, हॅपी अॅनिव्हर्सरी, पद्मिनी अँड श्रीराम. पॅकेज घेतानाच लग्नाचा वाढदिवस आहे असं कळवलं की केक फुकट मिळतो. पद्मिनीने ती संधी सोडली असती तर ती पद्मिनी कसली! श्रीराम बाथरूममध्ये गेला आणि कितीतरी वेळ नळ सोडून आत बसला.

"हूज अॅनिव्हर्सरी?" आन्याने विचारलं.

"कुणाची नाही गं. खा तू." रेणूने नाव असलेला भाग आधी कापून बाजूला काढला. पण तो काही तिला कचऱ्यात टाकवेना. फुकटचा केक टाकला तर ताई वरून खाली येईल, असं थट्टेनं मनात आलं आणि त्याच क्षणी तिला मागे वळून बघावंसं वाटलं. शेवटी तो तुकडा तिने उभ्या उभ्या स्वतःच खाल्ला.

सकाळी रेणू अंघोळीला गेली होती तेवढ्यात श्रीरामने आन्याला पढवलं. विक्रीवाला मुलांना काहीबाही विचारतो म्हणे, तोंडातून मावशी निघालं तर पंचाईत. रेणू बाहेर आली तर तो सांगत होता, "फक्त एक तास, बेटा. एक तास ती आई."

"भाऊजी!" रेणू ओरडलीच. "एवढं एकच सांगितलं होतं मी तुम्हाला, आन्यासमोर हे नको म्हणून!"

"अगं, गेम आहे म्हणून सांगितलंय. तिला समजतं."

आन्याने बॅगेतून तिचा पिवळा फ्रॉक काढला. पार्कसाठी टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालायचं ठरलं होतं, पण ती ऐकेना. फ्रॉक घातला, केस विंचरून घेतले आणि शहाण्यासारखी दारापाशी जाऊन उभी राहिली. एरवी ह्या पोरीला तयार करायचं म्हणजे घर डोक्यावर.

विक्रीवाला निघाला आपलाच, अमन नावाचा. गोड बोलण्यात पटाईत. मुलांसाठी कोपऱ्यात छोटी टेबलं मांडली होती, तिथे आन्याला रंग देऊन बसवलं. अमनने कॉफी आणली आणि थेट रेणूकडे वळला. "भाभीजी, घरात डिसिजन तुमचं असतं, मला माहितीये. सांगा, तुमचं ड्रीम व्हेकेशन काय?"

रेणूने ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही, हूं हूं करायचं. पण अमन आकडे फेकायला लागला आणि तिला राहवेना.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. "मेंटेनन्स फी दर वर्षी किती वाढते ते आधी सांगा. आणि आम्हाला विकायचं झालं तर घेणार कोण, तुम्ही?"

अमन गडबडला. रेणूने त्याला आणखी दोन प्रश्न टाकले. मग नाताळची गर्दी, शाळेच्या सुट्ट्या, सगळं काढलं. ती जन्मात कधी कुणाशी घासाघीस करणारी नव्हती, भाजीवाल्यालाही सांगेल तो भाव द्यायची. आणि आता तिचं एक बोट टेबलावर टकटक वाजत होतं, भाव पाडताना ताईचं वाजायचं तसं. हे तिच्या ध्यानात आलं, पण बोट थांबेना.

"पद्मा, पुरे आता," श्रीराम म्हणाला.

हे नाटक नव्हतं. पद्मा हे नाव त्या दोघांच्या एकांतातलं, रेणूने ते ताईच्या तोंडून ओझरतंच ऐकलेलं. श्रीरामचं तोंड पांढरंफटक पडलं. कोपऱ्यात आन्याने हातातला खडू खाली ठेवला. आणि रेणूला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, ताई इथेच, आपल्याच अंगात येऊन बसलीय असं. त्या बरं वाटण्याचीच मग तिला इतकी भीती वाटली की उरलेला वेळ ती हात मांडीखाली दाबून बसली.

काही घेतलं नाही. अमनने तोंड वाकडं करून तिकिटं हातात ठेवली.

पार्कमध्ये ऊन रणरणत होतं. नेपरव्हिलला अजून बर्फ होतं आणि इथे घामाच्या धारा. उडत्या होड्यांच्या राइडला ही लांबलचक रांग. पाठीवरच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण आतलं खाणं परवडत नाही. पाणीसुद्धा विकत घ्यायचं नाही म्हणून श्रीराम बाटल्या भरून आणायला गेला. रांगेत मावशी-भाची दोघीच उरल्या.

"मावशी, इज द अवर ओव्हर?"

"हो राजा, केव्हाच संपला."

आन्याचा चेहरा एकदम उतरला. "बट आय डिडन्ट गेट टु आस्क हर! ते अंकल होल टाइम बोलत होते."

"कुणाला विचारायचं होतं?"

"आईला."

वर्षानंतर तो शब्द आला तो हा असा, घामाघूम रांगेत, कुणाच्या तरी पॉपकॉर्नच्या वासात. रेणू खाली वाकली. "आन्या, अगं, ती मीच होते. आपण खोटं खोटं खेळत होतो ना?"

"आय नो दॅट," आन्या चिडली. "आयम नॉट अ बेबी. पण ती आली होती. बाबापण पद्मा म्हणाला. फाइव्ह मिनिट्स, मावशी. प्लीज. मग ती जाऊ दे."

रेणूने श्रीरामसाठी इकडेतिकडे बघितलं. तो कुठे दिसेना. नाही म्हणायला हवं होतं. वर्षभर जपलेला तिचा शब्द होता, ताईच्या जागेवर पाऊल ठेवायचं नाही. पण समोर पोरगी हात जोडल्यासारखी उभी होती आणि त्या जागेशी बोलायला तिच्याकडे दुसरं दार नव्हतं.

"विचार," रेणू म्हणाली.

आन्याने डोळे मिटले. "तू हॉस्पिटलमध्ये मला आत बोलावलंस. मी आलेच नाही. तुझ्या नाकात ती ट्यूब होती. मी बाहेर आयपॅडवर गेम खेळत बसले. आर यू मॅड अॅट मी?"

एवढं ओझं वर्षभर ह्या एवढ्याशा जिवाने वाहिलं होतं! रेणू त्या दिवशी खोलीत होती. ताई सारखी दाराकडे बघत होती, एवढंच तिला माहीत होतं. जीव जाईपर्यंत तिची नजर तिथून हलली नव्हती.

"नाही गं," ती म्हणाली. "मी काचेतून बघत होते ना तुला. नुसतं डोकं दिसत होतं. आणि तू हरलीस की खुर्चीला लाथा मारायचीस, तो आवाज आत यायचा. मी म्हटलं, हरतेय वाटतं माझी चिमणी."

आन्याने डोळे उघडले. "मी मारत होते लाथा," ती हळूच म्हणाली. "आय डिडन्ट टेल एनीवन."

रेणूनेही ते कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. पलंगाच्या पलीकडे ती रडत बसली होती, तिथून बाहेरचं काही दिसतच नव्हतं. मग खुर्ची तिच्या तोंडात आली कुठून? भर उन्हात तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

आन्या तिच्या कमरेला मिठी मारून रडली, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. मागच्या बाईने न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. रडून झाल्यावर पोरगी हलकी झाली. नाक पुसलं आणि म्हणाली, "ओके. बाय, आई."

"थांब ना, ताई," रेणू पुटपुटली. आपण हे मोठ्याने बोललो, हे तिला उशिरा कळलं. पण खरंच होतं ते. आन्याला विचारायला कुणीतरी मिळालं. तिला कोण होतं?

आन्या तिच्या तोंडाकडे निरखून बघत होती. "तुलाही विचारायचंय? मी होऊ आई? मी फाइव्ह मिनिट्स होते. आस्क."

लोक बघत होते. बघू देत. रेणूने रांगेतच गुडघे टेकले, सात वर्षांच्या पोरीचे दोन्ही हात धरले आणि वर्षभर छातीत दाबून ठेवलेलं विचारलं.

"ताई, तुझी लेक मी घेऊ का गं?"

आन्या हसली नाही. तिने डोळे मिटले. मग सावकाश, एकही इंग्रजी शब्द न घालता बोलली. तिला इतकं स्वच्छ मराठी बोलताना रेणूने कधी ऐकलं नव्हतं.

"घे. पण माझं नाव मला परत दे."

रेणूने होकाराची मान हलवली. पद्मिनी हे नाव कालपासून ती अंगावर वागवत होती.

"मावशी, लाइन मूव्ह झाली," आन्या म्हणाली आणि हाताला धरून तिला पुढे ओढत घेऊन गेली.