टेबलक्लॉथवरचं हॉस्पिटल

“त्या बोयानला सांगा, माझा पाइप तसूभर हलणार नाही,” पाणीखात्याचे कामेन म्हणाले. “आणि हे मी म्हणालो, असंही सांगा.”

त्रिफोन वरच्या मजल्यावर गेला. बांधकामखात्याचे वास्तुशिल्पी बोयान म्हणाले, “मग खांब काय हवेत लटकवू?”

त्याच्याही वर वीजखात्याच्या झोर्काबाई होत्या. “माझी केबल आधीची आहे. बाकीच्यांनी बघावं आपापलं.”

नव्या हॉस्पिटलच्या नकाशात ऑपरेशन थिएटरबाहेरची एक जागा तिन्ही खात्यांना एकदमच आवडली होती. खांब, पाइप आणि केबल तिथं एकमेकांच्या पोटातून जात होते. तिघांनी एकत्र बसणं काही अवघड नव्हतं. कुणाच्या मजल्यावर बसायचं, एवढंच अवघड होतं. म्हणून सरकारनं त्रिफोनला समन्वयासाठी नेमलं होतं, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्याचं टेबल जिन्यात ठेवलं होतं.

सोमवारपर्यंत तिघांच्या सह्यांचा एक नकाशा राजधानीत, सोफियाला पोचला नाही, तर हॉस्पिटल शेजारच्या जिल्ह्याला जाणार होतं. तिथं एक होतंच. त्याला जोड मिळाली असती. डॅन्यूब नदीकाठच्या या गावातले आजारी तिकडेच न्यावे लागत. त्रिफोनच्या बायकोला, रोसित्सालाही एका हिवाळ्यात त्याच रस्त्यानं नेलं होतं. परत आणताना कुणालाच घाई नव्हती.

शनिवारी संत त्रिफोनचा दिवस, म्हणजे त्याच संताचं नाव लावणाऱ्या त्रिफोनचा नामदिन. नामदिनाला कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला आठवतं तो बाटली घेऊन येतो, आणि जो येत नाही तो वर्षभर तोंड चुकवत फिरतो. रोसित्सा गेल्यापासून त्रिफोननं त्या दिवशी दार उघडलं नव्हतं. शुक्रवारी मात्र तो तिन्ही मजल्यांवर सहज म्हणाला, “यंदा कोबीच्या पानांत खिमा भरतोय.” आणि प्रत्येकाच्या कानात, “बाकीचे दोघं बाहेरगावी गेलेत वाटतं.”

शनिवारी कामेन आले. मागोमाग बोयान आले आणि खुंटीवरचा कोट ओळखून दारातच थबकले. शेवटी झोर्काबाई आल्या.

“अगंबाई! बाहेरगाव फारच जवळ निघालं की!”

पण नामदिनाच्या उंबऱ्यावरून मागं फिरता येत नाही. तिघं बसले. पहिल्या पेल्याला थंडीबद्दल बोलले. दुसऱ्या पेल्याला बोयाननी बाटली टेबलाच्या मधोमध आपटली. “हा माझा खांब!”

कामेननी लोणच्यातली लांब मिरची बाटलीला टेकवली. “हा पाइप.”

झोर्काबाईंनी गळ्यातला स्कार्फ दोघांवरून टाकला. “आणि ही केबल.”

“बाई, तुमची केबल जरा वर उचला ना, छतालगत,” कामेन म्हणाले.

“उचलते की. पण तुमचा पाइप खाली घ्या. गळला तर माझ्यावर नको.”

“पाइप खाली गेला, तर मी खांब सरकवतो,” बोयान म्हणाले.

स्कार्फ वर उचलला गेला, मिरची खाली आली, बाटली सरकली.

“हे आधी बोलायला काय झालं होतं?” कामेन म्हणाले.

“विचारलं होतं का कुणी?”

“त्रिफोन रोज विचारत होता!”

“त्रिफोन विचारत होता. तुम्ही कुठं विचारलंत?”

बोयान टेबलक्लॉथवरच आखायला लागले. तो रोसित्सानं लाल धाग्यानं भरला होता. ती असताना तो फक्त नामदिनालाच कपाटातून बाहेर निघे. त्रिफोनचा हात पुढं आला आणि थांबला. बोयानच्या पेन्सिलीची रेघ कापडावर उठेना, तेव्हा तोच आत जाऊन न धुतल्या जाणाऱ्या शाईचं पेन घेऊन आला.

ताटल्या सरकत गेल्या, हॉस्पिटल वाढत गेलं.

“झकास! उद्या हे कागदावर उतरवू,” बोयान म्हणाले.

“कुणाच्या मजल्यावर?” कामेननी विचारलं.

खोली एकदम गार पडली. त्रिफोननं मधली ताटली उचलली. “इथंच सह्या करा. हाच जाईल सोफियाला.”

“अहो, रोसित्साच्या हातचं आहे हे,” झोर्काबाई म्हणाल्या.

“म्हणूनच टिकेल,” त्रिफोन म्हणाला, आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

सोमवारी सोफियाच्या कचेरीत नोंदणीच्या बाईंनी टेबलक्लॉथ उलगडला. कापडावर नकाशा चालत नाही, असा नियम त्यांनी शोधून पाहिला, सापडला नाही.

“हा डाग?”

“वाइनचा.”

“बांधायचा आहे का?”

“नाही.”

बाई सह्या तपासत खालच्या कोपऱ्यात आल्या. तिथं लाल धाग्यात बारीक अक्षरं होती. “ही चौथी सही कुणाची? रोसित्सा... कुठलं खातं?”

त्रिफोननं हातातली टोपी एकदा फिरवली.

“समन्वय,” तो म्हणाला.

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. धाग्यावर तो नीट उठला नाही, म्हणून पुन्हा एकदा, जोर देऊन मारला.