जिथवर फीत, तिथवर पाणी

डोरीननं बोटांनी खडे उकरले आणि हात तसाच थांबवला. वरचे गोटे उन्हानं तापले होते, पण वीतभर खाली अजून ओल होती. त्या ओलीत सॅमन माशाची अंडी होती, वाटाण्याएवढी, गुलाबी, जिवंत. गेल्या आठवड्यात या घरट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. आता नदी पार पलीकडच्या काठाला जाऊन चिकटली होती.

समुद्रातून इथवर आलेल्या मादीनं शेपटीनं खड्डा खणला, अंडी घातली, वर खडे ओढले आणि मग ती मेली. तिनं तिचं काम चोख केलं होतं. शहराच्या पाणीखात्याला नुसतं पाणी राखणंही जमू नये? याच खात्यात माशांची काळजी वाहण्याचा पगार आपण घेतो, या विचारानं डोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं जॅकेट काढलं, नदीत भिजवून घरट्यावर पसरलं आणि ती तडक धरणावर गेली.

"कुणाला विचारून पाणी तोडलंस?"

धरणाची दारं सांभाळणाऱ्या गॉर्डीनं कॉफीचा मग खाली ठेवला.

"नियमानं तोडलं, बाई. वरच्या पट्ट्यात एकही फीत नव्हती. दुर्बिणीतून दोनदा बघितलं."

"अरे, मी स्वतः बांधल्यात! प्रत्येक घरट्यापाशी, फांदीला."

"बांधल्या असशील. पण परवा त्या सॅमन-उत्सवाचे सफाईवाले आले होते ना, छातीवर मासा छापलेले शर्ट घालून. काठावरचं सगळं पोत्यांत भरून नेलं. मला वाटलं, बाटल्याच नेतायत."

"म्हणजे माशांवर माया करणाऱ्यांनीच त्यांचा गळा कापला!"

हा नियम डोरीनच्या जमातीनं, या नदीकाठच्या मूळ रहिवाशांनी, कोर्टात वर्षानुवर्षं भांडून मिळवला होता. शरदात घरट्यांपाशी नारिंगी फिती बांधायच्या आणि जिथवर फीत दिसेल तिथवर पाणी ठेवायचं. त्यात कुणा साहेबाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता.

तिनं तिथूनच खात्याच्या प्रमुखांना, प्रेंटिस साहेबांना, फोन लावला.

"डोरीन, आज सॅमन-उत्सव आहे," ते म्हणाले. "महापौर यायच्या आहेत. कारंजी आहेत, हिरवळ आहे, मुलांसाठी नवा ओढा केलाय. धरणाचा तलाव आधीच खाली गेलाय. सोमवारी बैठक लावू."

"सोमवारपर्यंत अंड्यांच्या मनुका होतील, साहेब! लोकांच्या प्यायच्या पाण्याला मी कधी आडवी आले? तुम्ही कारंज्यापायी मारताय त्यांना. आणि वर त्यांच्याच नावानं उत्सव! लाज कशी वाटत नाही?"

"भाषा सांभाळा जरा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गॉर्डी खिडकीबाहेर बघत होता.

"हुकमाशिवाय मला दार उचलता येत नाही," तो म्हणाला. मग शर्टाच्या टोकानं दुर्बिणीची काच पुसत हळूच म्हणाला, "फीत दिसली, तर मात्र हुकूम लागत नाही."

डोरीनकडचं फितीचं रीळ कधीच संपलं होतं. नवं आणायला ती गावाकडे निघाली. वाटेत उत्सवाचं मैदान लागलं आणि तिनं गाडी थांबवली. हिरवळीवर फवारे उडत होते. सिमेंटच्या ओढ्यातून फेसाळ पाणी धावत होतं. ओढ्याच्या तोंडाशी, उद्घाटनासाठी, लांबलचक नारिंगी फीत ताणून बांधली होती.

तिनं एका टोकाची गाठ सोडली. मग दुसऱ्या टोकाची.

"अहो, अहो! ती महापौरांसाठी आहे!" मंचावरून प्रेंटिस साहेब ओरडले.

"नदीची आहे," डोरीन म्हणाली आणि फीत कोपरावर गुंडाळत चालू लागली. हाही कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपार कलायच्या आत तिनं फितीचे तुकडे करून घरट्याघरट्यापाशी बांधले. शेवटचा तुकडा जॅकेटच्या वरच्या फांदीला बांधताना त्यावरची सोनेरी अक्षरं तिनं वाचली: 'सॅमन, घरी स्वागत असो!' धरणाच्या भिंतीवर गॉर्डी आला. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ तशीच धरली आणि तो आत गेला.

डोरीन जागची हलली नाही. पाणी बुटांना लागलं, बुटांवर चढलं, तेव्हा तिनं वाकून जॅकेट उचललं.