दोनशेचा टायर

मंजुश्रीने टायरच्या अंगावर मोबाइलचा उजेड पाडला, अंगठ्याने धूळ पुसली आणि आकडा वाचला. पाचशे वीस. शेजारचा पाचशे. त्यावर ठेवलेला पाचशे साठ. उदगीरच्या दुकानाचा अख्खा माळा तिने पालथा घातला, पण दोनशेच्या आसपासचा एकही टायर सापडला नाही.

खाली तिचे वडील मल्लिनाथअप्पा खुर्चीत बसून मजा बघत होते. देगलूरपासून अहमदपूरपर्यंतची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे एकाच कारणासाठी यायची. अप्पांनी दिलेला टायर लवकर झिजत नाही, हा त्यांचा लौकिक होता आणि तो ते जिवापाड जपत.

मंजुश्री आठवडाभर पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची आणि सुटीच्या रविवारी लातूरला ऑटोक्रॉस खेळायची. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात शंकू मांडून वळणांची वाट आखलेली असे, एकेक गाडी सोडत आणि वेळ मोजत. मिनिटभराचा कारभार. सलग तीन वेळा ती दुसरी आली होती. येत्या रविवारी जो पहिला येईल तो पुण्याच्या अंतिम स्पर्धेला जाणार होता, आणि पुण्याला जाण्याखेरीज तिला दुसरे काही सुचत नव्हते.

टायर रस्त्यावरचाच हवा आणि त्यावर छापलेला झिजेचा आकडा दोनशेच्या खाली नको, असा नियम होता. अप्पांना तो सोपा वाटला. पाचशे म्हणजे दोनशेच्या वरच की! मग मंजुश्रीने समजावून सांगितले. आकडा मोठा तितके रबर टणक. ते टिकते, पण वळणावर धरत नाही. नियमात बसणारा सगळ्यांत मऊ टायर म्हणजे बरोबर दोनशेचा.

“म्हंजी लवकर झिजतो तो चांगला?”

“हाव, अप्पा.”

तीस वर्षांत त्या दुकानात असे अभद्र कोणी बोलले नव्हते. अप्पांनी तिने विस्कटलेले टायर पुन्हा रचून ठेवले. मग त्यांनीच हैदराबादला फोन लावला.

गुरुवारी चार टायर आले. अप्पांनी रबरात नख रुतवून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि समोरचा चहा निवून गेला. तरुणपणी ते रिमोल्डिंगच्या कामात होते. जुना टायर घासून त्यावर नवे रबर चढवता चढवता त्यांची बोटे रबराची भाषा शिकली होती. नव्या टायरची नक्षी उंच असते, ती वळणावर डुलते, आठ मिलिमीटरची पाच केली तर गाडी खिळल्यासारखी वळेल, असे त्यांनी सांगितले. मंजुश्रीने नियम सांभाळणाऱ्या रेणुकादास सरांना फोन करून विचारले. सर निवृत्त प्राध्यापक, एकेक शब्द तोलून बोलणारे. घासायला हरकत नाही, पण खाचा स्पर्धेच्या सुरुवातीला आणि शेवटी निदान तीन मिलिमीटर भरायलाच हव्यात, असे ते म्हणाले.

झाले. ज्या माणसाने जन्मभर टायरची झीज वाचवली, त्याने चार कोरे टायर मशीनवर घासून काढले. काळ्या भुग्यात पाय बुडेपर्यंत अप्पा घासत होते आणि चक्क गुणगुणत होते.

रविवारी सकाळी लातूरला पोचल्यावर रेणुकादास सरांनी टायरवरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला आणि चमकायला लागला.

“याला काय लावलंय?”

“पॉलिश,” अप्पा अभिमानाने म्हणाले. “आमच्या दुकानातून टायर कोरा जात नसतो, सर.”

मंजुश्रीने डोळे मिटले. रबराला कसलेही द्रव्य लावलेला टायर बाद, हे नियमात ठळक लिहिलेले होते. ते अप्पांना सांगायची गरज तिला वाटली नव्हती, आणि न सांगता अप्पांनी रात्रीतून चारही टायर नक्षीसकट माखले होते. सवयीने माणसाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. अप्पांचा चेहरा इतका उतरला, की तिला रागवताही येईना.

अप्पांनीच तोंड उघडले. पॉलिश लागलेला थर काढून टाकला तर?

सरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. लावलेले चालत नाही असे लिहिले होते. काढलेले चालत नाही असे कुठेच नव्हते.

अप्पांनी गाडीतून घासायचे हातमशीन काढले, वेळ मोजणाऱ्यांच्या जनरेटरला जोडले आणि उकिडवे बसले. दोन तासांनी रुमाल कोरडा निघाला. खाचा उरल्या होत्या तीन पॉइंट तीन.

प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. रबर एवढे मऊ, की तिन्ही मारल्या तर शेवटच्या मोजणीत टायर नक्की बाद होणार. अप्पांनी बोटांवर हिशोब केला आणि दोन फेऱ्या निघतील असे सांगितले, तेही जरा चाचरत.

पहिल्याच वळणावर मंजुश्री ओरडली. भीतीने नव्हे. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वळली होती आणि तिचे पोट एका बाजूला राहून गेले होते. शंकू सपासप मागे पडत होते, तिला हसू आवरत नव्हते. वेळ बावन्न पॉइंट चार सेकंद. इतका कमी वेळ त्या मैदानावर कुणाचा आला नव्हता.

दर वेळी पहिला येणारा अहमदपूरचा अमरनाथ तिसऱ्या फेरीला उतरला आणि बावन्न पॉइंट एकवर आला. मंजुश्रीने अप्पांकडे पाहिले. त्यांनी वाकून पुढचा डावा टायर चाचपला.

“टिकंल का?”

“टिकायचं सोड. पळव.”

तिने पळवली. एक्कावन्न पॉइंट सात. एकही शंकू पडला नाही. लोक शिट्ट्या मारू लागले, अप्पांची टोपी कुठे गेली ते त्यांनाही कळले नाही.

शेवटची मोजणी. रेणुकादास सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका टायरच्या खाचेत खोली मोजायचे गेज घातले. तीन चाके मापात भरली. पुढच्या डाव्या चाकाशी त्यांनी वाकून पाहिले.

“तीन. बरोबर तीन.” त्यांनी लिहायला पेन काढले.

मंजुश्रीने दोन्ही हात वर केले होते. तेवढ्यात अप्पा पुढे झाले.

“सर, गेज तिरपं धरलंत तुमी.”

त्यांनी गेज हातात घेतले, त्याच खाचेत सरळ उभे केले आणि आकडा स्वतःच मोठ्याने वाचला. दोन पॉइंट आठ.

मंजुश्रीला त्या क्षणी बापाचा सडकून राग आला. तिने त्यांच्या हातातून गेज हिसकावले, गुडघ्यावर बसली आणि स्वतः मोजले. मग पुन्हा मोजले.

“दोन पॉइंट आठ. लिहा, सर.”

अमरनाथ पुण्याला जाणार हे जाहीर झाले. टाळ्या पडल्या, त्याने हात जोडले. अप्पा नट पिळायचे पाने उचलून ठेवत होते आणि मान वर करत नव्हते. मंजुश्री त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि नट डब्यात टाकू लागली.

थोड्या वेळाने अमरनाथ आला. आल्या आल्या त्याने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि घुटमळत उभा राहिला.

“काका, पुण्याच्या आधी माझेबी टायर घासून द्याल का?”

अप्पांनी पोरीकडे पाहिले. ती उठली, हात झटकले.

“देतील की,” मंजुश्री म्हणाली. “बुधवारी या. पुण्यात पहिलं आलंच पाहिजे मात्र. पुढच्या साली मी हरवणार तो माणूसबी तगडा पायजे.”