अस्सल चरसी

चरसाच्या धंद्यावरचा सिनेमा परंड्याच्या तंबूत लागला होता. नटनट्यांची नुसती जत्रा! पारावर ज्ञानोबा गुरुजी पेपरातलं कौतुक मोठ्यानं वाचत होते, "पण बाजी मारली ती चरसी झालेल्या अनोळखी बायकांनी. इतका अस्सल अभिनय क्वचितच दिसतो."

पुतळाबाईचं डोकं सणकलं. त्या बायकांत कालच तिनं पडद्यावर स्वतःला पाहिलं होतं. शेजारी मान कलंडलेली तिची जाऊ, भिमा.

बहात्तरच्या दुष्काळात त्या सरकारी सुकडीवर जगत खडी फोडत असताना कॅमेरा घेऊन एक मोटार आली होती. तेव्हा पाहणीला रोज कुणीतरी साहेब यायचाच. हा कॅमेरावालाही सरकारचाच समजून पुतळाबाईनंच सगळ्यांना सांगितलं होतं, "पोटं आत वढा गं, सुकडी वाढवून मिळंल." भिमाला पोट ओढायची गरजच पडली नव्हती.

"गुरुजी, तुमी लिवा त्या पेपरवाल्याला!" पुतळाबाई कडाडली. "म्हणावं, कसली नशा आन् कसला चरस? भाकर दिसत नव्हती आमाला! आन् आमच्या भिमीचा अभिनय तर लईच अस्सल व्हता. मोटार गेली आन् चार दिसांत मेली ती!"