संकासुराच्या मुखवट्याची तक्रार

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी शापित नाही. मी जुना आहे. या दोन गोष्टींत पुष्कळ फरक असतो, पण तो सांगायला गेलं की कोणी थांबून ऐकत नाही. म्हणून आपलं सगळं आयुष्य पहिल्यापासून सांगत बसायची वेळ माझ्यावर आली आहे.

मी संकासुराचा मुखवटा. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरपासून थोडं आत गेलं की आमची वाडी लागते. शिमग्याच्या दिवसांत आमच्याकडे खेळे निघतात, म्हणजे ढोलकी आणि झांजा घेऊन घरोघर नाचत जाणारी मंडळी. त्यांच्यात एकजण पायापासून डोक्यापर्यंत काळा असतो. उंच टोकदार टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो पोरांच्या मागे धावतो आणि पोरं किंचाळत घरात पळतात. तो संकासूर, आणि त्याचं तोंड म्हणजे मी.

धोंडू आणि लवू या दोन भावांच्या वडिलांनी मला घडवलं. देवरुखच्या बाजारातून जाड काळं कापड आणलं. आत बांबूच्या कामट्या बसवल्या, अंबाडीच्या धाग्यांची दाढी लावली, डोळ्यांभोवती पांढरा रंग दिला आणि लाल चिंधीची जीभ शिवली. जीभ जराशी डावीकडे वाकडी झाली. म्हाताऱ्याने ती उसवून परत शिवायचा कंटाळा केला. पुढे लोक त्या वाकड्या जिभेलाच घाबरू लागले, तेव्हा आपण ती मुद्दाम तशी केली असं तो सांगू लागला.

मोठा भाऊ धोंडू मला एकोणीस वर्षं घालत होता. तो मुंबईला एका गोदामात कामाला होता. शिमग्याची रजा मिळाली नाही तर नोकरी सोडीन, असं साहेबाला दरवर्षी सांगायचा आणि रजा घेऊन यायचा. आल्यावर पिशवी ओटीवर टाकायची आणि चहाच्या आधी वाडीतून एक फेरी मारायची, ही त्याची पद्धत. कोणाचं पोर तापातून उठलंय, कोण अंधाराला भितं, कोणाचा बाप गेल्या पावसात वारला, हे तो दारोदार विचारून घ्यायचा. मग खेळे निघाले की तापातून उठलेल्या पोराच्या दारात मी नुसतीच मान हलवायचो. दांडगोबा असेल त्याला मात्र गोठ्यापर्यंत पळवायचो. आणि एकदा घाबरवलेलं पोर हसल्याशिवाय धोंडू पुढच्या घरी पाऊल टाकत नसे. खेळ्यांसोबतची देवाची पालखी पुढे गेली तरी हा आपला अंगणात बसून पोराला दाढी ओढायला देत असे. मंडळी वैतागायची.

त्या वर्षी जन्मलेलं मूल आया माझ्या हातात द्यायच्या. संकासुराने घेतलेलं मूल पुढे कशाला भीत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. ती खरी की खोटी ते मला माहीत नाही. पण जगातलं सगळ्यांत भयंकर तोंड आपल्या पोराच्या तोंडाजवळ आणायला एखादी आई तयार होते, यात केवढा विश्वास आहे ते मला कळत असे. हा मान मी कधी हलक्यात घेतला नाही.

अठरा वर्षांपूर्वी, आषाढात, धोंडू मुंबईला काविळीने गेला. मी तेव्हा इथे पेटाऱ्यात होतो. त्याच्या मागे बायको गोदूबाई आणि बारा वर्षांची मुलगी मनस्वी उरल्या. पुढच्या शिमग्याला धाकट्या लवूने मला डोक्यावर घेतलं. तो नाचायला बरा, पण पोरांची नावं विसरतो. चालायचंच.

आता सुजयकडे येतो. सुजय हा लवूचा मुलगा, वय तेवीस. आईपेक्षा गोदूकाकीच्या हातचं जास्त जेवलेला. रत्नागिरीला कसलासा कोर्स करून आला, नोकरी काही लागली नाही, तेव्हा त्याने मोबाईलवर चॅनल काढला. नाव ठेवलं ‘सुजयची भुताटकी’. मला पेटाऱ्यातून काढून त्याने आपल्या टेबलामागे खिळ्यावर टांगलं, व्हिडिओत मागे दिसायला. त्यामुळे त्या चॅनलचा एकूण एक उद्योग मी त्याच्या पाठीमागून पाहिला आहे.

पहिला व्हिडिओ त्याने माझ्यावर केला. मला कोणी घडवलं, खेळे कसे निघतात, धोंडूकाका पोरांना कसे खेळवायचे, सगळं खरं खरं सांगितलं. मला फार बरं वाटलं. तो एकशे ऐंशी लोकांनी पाहिला, आणि त्यातले अर्धे तरी आमच्याच भावकीतले असावेत. दुसरा आणि तिसराही तसाच पडला. मग त्याला कोणीतरी सांगितलं की वर ‘सत्य घटना’ लिहिल्याशिवाय माणसं थांबत नाहीत.

चौथा व्हिडिओ वाडीवरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत झाला. सकाळी अकरा वाजता, मित्रांनो. डोक्यावर ऊन तापलेलं. मला एका चिऱ्यावर ठेवलं, आणि माझ्या दाढीत लाल मुंग्या शिरल्या. सुजयचा मित्र ऋत्विक सदऱ्याने वारा घेत उभा होता. नंतर संगणकावर त्या उन्हाची रात्र केली आणि आकाशाला निळा रंग फासला. मुंग्यांचं मात्र काही करता आलं नाही, त्या निळ्या होऊन फिरत राहिल्या.

गोष्ट अशी रचली होती. धोंडू नावाचा माणूस शिमग्याच्या रात्री मला घालून खाणीत गेला, आणि मी त्याच्या तोंडाला चिकटलो ते सुटलोच नाही. सकाळी तो मेलेला सापडला. तेव्हापासून जो मला घालील त्याच्या घरात बाळ जगत नाही. शेवटी गोदूबाईच्या घराचं दार दाखवलं होतं, वर लाल बाण काढून.

अकरा लाख लोकांनी पाहिला.

भीती घालण्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे, तेव्हा या मालाबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो. हे लोक घाबरवत नाहीत, दचकवतात. बराच वेळ गप्प राहून एकदम कानाशी पत्रा बडवला तर म्हैससुद्धा दचकेल, त्यात कसली कला? सगळ्यांचं दार एकाच आवाजात करकरतं. सगळ्यांची बाई एकच हसणं हसते, कारण ते एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलेलं असतं. आणि मी धोंडूच्या तोंडाला चिकटलेला असताना, बिचारा गुदमरत असताना, सुजय मध्येच येऊन केसांच्या तेलाची जाहिरात करतो. सवलतीचा कोड खाली दिला आहे म्हणतो. मग परत धोंडूला मारायला जातो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, आधी माणूस तरी नीट मार. त्या अकरा लाखांत किती पोरं तापातून उठलेली होती, कोणाचा बाप नुकताच गेला होता, हे सुजयने कोणाला विचारलं होतं? घाबरवलं, ‘सबस्क्राईब करा’ म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

बरं, हे तिथेच संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण गाड्या येऊ लागल्या. गोदूबाई अंगणात काजू वाळत घालत असायची आणि कुंपणापलीकडून अनोळखी माणसं तिचे फोटो काढायची. एकाने तिला विचारलं की तुम्हाला रात्री काही दिसतं का. ती म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बरं दिसतं. त्याने तेही छापलं. एका सकाळी तिच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू निघालं. बचत गटातल्या बायका, ज्यांनी आजारी धोंडूला मुंबईच्या गाडीत बसवताना पाहिलं होतं, त्याही हळूच विचारू लागल्या की खरंच का गं तसं झालं होतं. याला काय म्हणावं?

आणि मग मनस्वीचा डोंबिवलीहून फोन आला. तिला पाच महिन्यांची मुलगी आहे. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, गोदूबाईची पहिली नात. शिमग्याला तिला आणून माझ्या हातात द्यायचं, हे ती पोटात असल्यापासून ठरलं होतं. पण सासरच्यांनी तो व्हिडिओ पाहिला. जावई हर्षद म्हणाला की माझा यावर विश्वास नाही, पण घरातली मोठी माणसं घाबरली आहेत, बाळाला त्या मुखवट्याजवळ न्यायचं नाही. शिमग्याला येऊ, पण लांबून बघू.

त्या दुपारी गोदूबाई आमच्याकडे आली. सुजय टेबलाशी बसला होता आणि मी त्याच्या मागे टांगलेला. ती मोठ्याने बोलली नाही.

“सुजय, तुज्या काकांना कावीळ झाली व्हती. सतरा दिवस मी उशाशी बसलेली. तवा हा मुखवटा हितं पेटाऱ्यात व्हता.”

सुजय म्हणाला, “काकी, ती गोष्ट हाय नुसती.”

“गोष्ट हाय, मग वर सत्य घटना कशाला लिवलंस?”

सुजयने वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याला खरंच तोपर्यंत कळलं नव्हतं. त्याच्या मनात धोंडू म्हणजे एक नाव होतं, काका गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. काकी गेल्यावर त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर चार चॅनलवाल्यांनी तो उचलला होता. एकाने त्यात रक्त वाढवलं होतं, एकाने मला राजस्थानात नेऊन ठेवलं होतं. सुजयने त्यांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, मानधनावर मुलाखत देणार का म्हणून. मग त्याने खुलाशाचा व्हिडिओ केला. काका काविळीने गेले, मी खोटं बोललो, काकीची माफी मागतो, असं हात जोडून सांगितलं. तो तीनशे बारा लोकांनी पाहिला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘बोअर’.

शिमगा जवळ आला तेव्हा गावकर, म्हणजे वाडीचे मानकरी, आप्पा लवूकडे आले. ते म्हणाले की औंदा हा मुखवटा राहू दे, खेळ्यांतला रितेश ऑनलाईन नवा मागवतो, रबराचा, दिवे लागतात डोळ्यांत. लवू कधी कोणाला उलटून बोलत नाही. तो एवढंच म्हणाला की घालीन तर हाच घालीन, नाहीतर खेळ्यांत येणार नाही. मी आयुष्यात प्रथमच लवूला मनातल्या मनात नमस्कार केला.

म्हणून आम्ही निघालो. पण घराघरांतून मला काय दिसलं म्हणता? पोरं पळत नव्हती. पोरं दाराआड आयांच्या पदरात तोंड खुपसून गप्प उभी होती. ओळखीची भीती निराळी असते, तिच्यात हसू दडलेलं असतं. ही तसली नव्हती. त्या वर्षी वाडीच्या लेकी-सुनांना चार मुलं झाली होती. तीन आयांनी मूल आत नेलं. चौथी मनस्वी.

गोदूबाईच्या अंगणात आम्ही चार वाजता पोचलो. ढोलकी वाजत होती. मनस्वी ओटीवर बाळाला घेऊन उभी, शेजारी हर्षद. कुंपणाबाहेर सात-आठ अनोळखी लोक मोबाईल वर धरून होते. लवू नाचत पुढे गेला, ओटीसमोर थांबला आणि रीतीप्रमाणे हात पसरले. हर्षद मनस्वीच्या पुढे सरकला. ढोलकी आपोआप थांबली.

लवू थोडा वेळ तसाच हात पसरून उभा राहिला. मग त्याने मला डोक्यावरून काढलं. त्याचा चेहरा घामाने आणि शरमेने भिजला होता.

तेव्हा गोदूबाई ओटीवरून खाली उतरली. तिने मला लवूच्या हातातून घेतलं. बाईमाणसाने मला डोक्यावर घ्यायची आमच्याकडे रीत नाही, विधवेने तर नाहीच. तिने मला सरळ डोक्यात घातलं.

“ह्यांनी एकोनीस वर्सं डोक्यावर घेतलानी ह्याला,” ती आतून म्हणाली. “मला काय करतो ते बगू दे सगळ्यांना. मनू, आण तिला.”

तिचं डोकं लहान, मी पार खांद्यापर्यंत घसरलो, डोळ्यांची भोकं तिच्या हनुवटीपाशी आली. तिला काही दिसत नव्हतं. तिने अंदाजाने हात पसरले. मनस्वीने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तीन पायऱ्या उतरली आणि लेक आईच्या हातात दिली.

बाळाने माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग दोन्ही मुठींनी दाढी धरली आणि तोंडात घातली. लवू अंबाडीचे धागे काढायला धावला, ती सोडेना, आणि कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. हर्षदही हसला. तो खाली येऊन तिच्या मुठी सोडवू लागला. आतमध्ये मात्र गोदूबाई रडत होती. तिचा नवरा जिथे घामाघूम व्हायचा तिथेच तिचं तोंड होतं, आणि ती मला काढायला तयार नव्हती. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला कोणाची एवढी माया वाटली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी सुजय मोबाईल घेऊन माझ्यासमोर आला आणि त्याने कपाळावर हात मारला. कुंपणाबाहेरच्या एकाने सगळं टिपून चढवलं होतं. वर लिहिलं होतं, ‘शापित मुखवट्याने विधवेला पछाडलं, बाळाचं काय झालं?’ सात लाख लोकांनी तोवर पाहिलं होतं. सुजय त्याखाली रोज लिहितो की ही माझी काकी आहे, ती बरी आहे, बाळही बरं आहे. ते खाली खाली जातं.

तर मित्रांनो, मागणं एवढंच आहे. भीतीच्या गोष्टी जरूर ऐका, मी स्वतः त्याच धंद्यातला आहे. पण सत्य घटना म्हणून कोणी काही दाखवलं, तर तिथे राहणाऱ्या माणसाचा विचार करा. आणि तो व्हिडिओ फिरत फिरत तुमच्याकडे आलाच, तर एक लक्षात ठेवा. त्यात निळी रात्र आहे, काळ्या मुखवट्यातली बाई बाळाला उचलते आहे आणि बाळ जिवाच्या आकांताने रडतं आहे. ते रडणं दुसरीकडून आणून चिकटवलेलं आहे. मी तिथे होतो. चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि ती पोर रडली नव्हती.