पडदा धरा, पेनल्टी आहे!

मी पडदा बोलतोय. दिवाणखान्याच्या खिडकीवरचा, डाव्या हाताचा. उजवीकडे लटकतोय तो माझा भाऊ. त्याच्याकडे फारसं लक्ष देऊ नका. त्याने आयुष्यात कधी उंबरठा ओलांडला नाही, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखंही काही नाही. मी मात्र कपाचा अंतिम सामना मैदानात जाऊन अनुभवून आलोय. एखाद्या पडद्याच्या नशिबी हे क्वचितच येत असेल, म्हणून जरा मिजास केली तर रागावू नका.

माझा जन्म पडद्यांच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर झाला. एका हॉटेलचं काम पुरं झालं आणि हिरवंगार, पांढऱ्या पट्ट्यांचं कापड उरलं. दुकानाच्या मालकांनी ते तिथे शिवणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. या बाई म्हणजेच आमच्या घरच्या सूनबाई. घरात सगळे तिला सूनबाई म्हणतात, मीही म्हणतो. कापड बघून तिचे डोळे चमकले, कारण हिरवा-पांढरा हे तिच्या लाडक्या फुटबॉल संघाचे रंग. लहानपणापासून ती त्या संघावर जीव ओवाळून टाकत आलीय.

भावाला सलग कापड मिळालं. माझ्या वाट्याला दोन तुकडे आले, म्हणून माझ्या मधोमध एक उभी शिवण आहे. ती घालताना रेडिओवर सामना चालू होता. सूनबाईच्या शिवणीत बोट घालून दाखवा, असं दुकानात अभिमानाने सांगतात. पण नेमक्या त्या वेळी आमच्यावर गोल झाला, तिचा पाय मशीनवर दाबलेलाच राहिला आणि वीतभर टाके लांबलचक, ढिले पडले. "जाऊ दे, घरचाच तर आहे," असं म्हणून ती पुढे शिवत गेली. हा ढिला भाग लक्षात ठेवा. मी तो विसरू शकत नाही, मला तिथे वारा लागतो.

घरात माणसं तीन. सूनबाई, तिचा नवरा आणि सासरे. नवरा फ्रिज दुरुस्त करतो. सासऱ्यांना आबा म्हणतात. ते मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाले, पण शिट्टी काही सुटली नाही. आता तिच्यावर घर चालतं. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवा.

तिघंही संघासाठी वेडे, आणि सामन्याच्या दिवशी वेडाला धरबंध नसायचा. आबा तोच राखाडी स्वेटर घालायचे, जो धुवायला मनाई होती. नवरा डावा पाय स्टुलावर ठेवून बसायचा. खाज सुटली तरी पाय हलवायचा नाही. आणि सूनबाई? सूनबाईने गोल बघायचाच नाही.

त्याचं असं झालं. लग्न होऊन ती नवी नवी आली होती. चहाचा ट्रे घेऊन आली, टीव्हीकडे बघितलं, आणि त्याच क्षणी समोरच्या संघाने गोल मारला. पुढच्या सामन्यात ती बिस्किटं घेऊन आली, पुन्हा तेच. आबांनी बशी खाली ठेवली.

"सूनबाई, राग मानू नकोस," ते म्हणाले, "तू गुणाची पोर आहेस. पण तुझी नजर लागते गं आपल्या पोरांना."

"आबा, मी तर त्यांच्याच बाजूची आहे ना!"

"म्हणूनच जोरात लागत असेल."

नवऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने स्टुलावरच्या स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

तेव्हापासून रीत पडली. चेंडू गोलाजवळ आला की आबा शिट्टी फुंकायचे आणि सूनबाई उठून माझ्यामागे उभी राहायची. खिडकी आणि मी, मध्ये ती. धोका टळला की दोन शिट्ट्या, मग बाहेर. कॉर्नर असो, फ्री किक असो, पेनल्टी असो, फुटबॉलमध्ये जे काही बघण्यासारखं असतं ते सगळं तिने माझ्या आड राहून कानांनी पाहिलं. सासरी आल्यापासून आपल्या संघाचा एकही गोल तिने चालू सामन्यात डोळ्यांनी पाहिला नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेला पाठ टेकून उभी असलेली बाई दिसायची. दूधवाल्याने एकदा नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "साहेब, घरात सगळं ठीक आहे ना?"

मला मात्र ते क्षण आवडायचे. ती माझ्या कापडात चेहरा खुपसायची, मूठ आवळून मला चुरगळायची. गोल झाला की माझ्यातच नाक पुसायची. इस्त्री केल्यावर भाऊ माझ्याहून नीटनेटका दिसतो हे खरं, पण त्याला कुणी कधी मिठी मारलेली नाही.

आणि मग आक्रीत घडलं. आमचा संघ कपाच्या अंतिम सामन्यात पोहोचला! याआधी कधीच पोहोचला नव्हता. नवऱ्याने स्टेडियमच्या कॅन्टीनमधले फ्रिज दुरुस्त केले होते, तिथल्या व्यवस्थापकांनी खूश होऊन तीन तिकिटं दिली. तीन! तिसरं कुणाचं, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

"सूनबाई," आबांनी घसा साफ केला, "तू घरी राहा. आणि टीव्ही लावू नकोस. संघासाठी एवढं कर."

सूनबाई टेबलावर कणसाचे दाणे सोलत होती. तिने कणीस खाली ठेवलं.

"आबा, मी येणार."

"अगं, पण..." नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो! इतकी वर्षं गप्प बसलात ना, आजही बसा." मग आबांकडे वळून ती म्हणाली, "एक गोल मला बघायचाय. एकच. माझ्या संघाचा, माझ्या डोळ्यांनी. तुम्हाला भीती वाटत असेल तर पडदा बरोबर घेते. तुम्ही सांगाल तेव्हा आड होईन. पण येणार म्हणजे येणार."

आबांनी एक शिट्टी फुंकली. चहा आला, म्हणजे होकार होता.

अशा रीतीने मी कड्यांसकट खाली उतरलो. भाऊ एकटाच लटकत राहिला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

स्टेडियमच्या दाराशी रखवालदाराने पिशवी उघडली.

"हे काय?"

"पडदा," आबा म्हणाले.

"झेंडा म्हणायचंय का तुम्हाला?"

"झेंडा कशाला? पडदाच आहे. कड्या दिसत नाहीत?"

"आणि पडदा कशासाठी?"

"सुनेसाठी."

रखवालदाराने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने आभाळाकडे पाहिलं. त्याने मला उलटसुलट करून बघितलं आणि आत सोडलं. आबांची शिट्टी मात्र त्याने काढून घेतली. मैदानात पंच सोडून कुणी शिट्टी वाजवायची नाही, असा नियम होता. आबांचा चेहरा पडला. शिट्टीशिवाय त्यांनी बरीच वर्षं कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

आमची जागा सगळ्यात वरच्या रांगेत, मागे भिंत. सूनबाई मधोमध, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला गळ्यात ढोल अडकवलेला एक दांडगा बेकरीवाला, आबा त्याच्या पलीकडे. सूनबाईने खाली मैदानाकडे पाहिलं. "अगं बाई, किती हिरवं आहे!" ती म्हणाली. मला वाटलं माझंच कौतुक चाललंय. नंतर कळलं की गवताचं होतं.

सामना सुरू झाला. समोरच्या लाल संघाचा एक उंच गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला. आबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"पडदा!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

नवऱ्याने माझी एक कड धरली. दुसरी कुणी धरायची? बेकरीवाला भला माणूस, त्याने काही न विचारता धरली. सूनबाई आड झाली. चेंडू गोलावरून गेला.

"हे काय प्रकरण आहे?" बेकरीवाल्याने विचारलं. आबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. गंभीर होऊन म्हणाला, "बरं केलंत आणलात. आमच्या घरी मेहुण्याला बाथरूममध्ये ठेवून आलोय."

थोड्याच वेळात ही बातमी रांगांमधून खाली उतरत गेली. चेंडू गोलाकडे वळला की आधी आबा ओरडायचे, मग आमची रांग, मग पुढची, मग सगळा स्टँड, "पडदा! पडदा!" ढोल त्याच ठेक्यावर वाजायला लागला. हजारो माणसं माझं नाव घेत होती. खोटं कशाला बोलू, मी फुललो.

एवढं करूनही पूर्वार्धात लाल संघाने गोल केला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"मी आडच होते!" सूनबाई कळवळून म्हणाली.

आबांनी खाली वाकून तपासणी केली. "चपलेचा अंगठा बाहेर होता," त्यांनी निकाल दिला. सूनबाईने पाय आत ओढून घेतले. तिचे डोळे भरून आले होते. मला तर त्या म्हाताऱ्याचा असा राग आला, म्हणून सांगू! इतक्या लांब आली बिचारी, आणि घरी बघायची तेच बघत होती, म्हणजे मला.

उत्तरार्धात आमच्या गिड्ड्याने डोक्याने गोल करून बरोबरी साधली. गिड्डा म्हणजे आमचा सगळ्यात बुटका आणि सगळ्यात लाडका खेळाडू. त्याने डोक्याने गोल केला म्हणून लोक वेडे झाले. सूनबाईने तोही माझ्या आडूनच ऐकला. तिने मला मिठी मारली, पण ती मिठी नेहमीसारखी घट्ट नव्हती.

आणि सामना संपत आला असताना लाल संघाच्या बचावपटूचा हात चेंडूला लागला. पेनल्टी! आम्हाला!

"पडदा धरा! पडदा!" सगळा स्टँड किंचाळला. खालच्या रांगेतली एक आजीबाई हात जोडून म्हणाली, "पोरी, माझ्यासाठी जा गं आड." सूनबाई आली आणि माझ्यामागे उभी राहिली. "एकच बघायचा होता," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मला ऐकू आलं.

गिड्डा चेंडूजवळ आला. नवऱ्याने घाबरून मला आपल्याकडे ओढलं. बेकरीवाल्याने घाबरून आपल्याकडे ओढलं. बेकरीवाल्याचे हात पोतंभर कणीक मळणारे, आणि नवऱ्याने तर फ्रिज जिन्यावरून वर नेलेले. मी मधल्या मध्ये ताणलो गेलो. तुम्हाला तो ढिला भाग आठवतोय ना? टर्र! टाके उसवले आणि अगदी सूनबाईच्या डोळ्यासमोर एक फट पडली.

डोळे मिटून घ्यावेत असं एका क्षणासाठी तिला वाटलं असणार, कारण तिची पापणी मला चाटून गेली. पण ती मिटली नाही.

गिड्ड्याने फटका मारला. गोलकीपर एकीकडे झेपावला, चेंडू दुसरीकडे गेला, खांबावर आपटला, बाहेर येतोय की काय असं वाटलं, आणि आत गेला. सूनबाईने सगळं पाहिलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका डोळ्याने, पण पाहिलं.

स्टँड फुटायचाच बाकी राहिला. सूनबाईने पटकन फट मुठीत धरली, बाहेर आली आणि भोळा चेहरा करून विचारलं, "काय झालं हो?"

"गोल! अगं, गोल झाला!" नवरा रडत होता. आबा रडत होते. बेकरीवाला ढोल सोडून स्वतःच्या पोटावरच वाजवत होता. "सूनबाई, तू आड होतीस म्हणून जिंकलो!" आबा म्हणाले आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. कोणकोण माझ्या पाया पडले, मला पाय नसतानाही. आजीबाईंनी माझा मुका घेतला. लिपस्टिकचा डाग अजून आहे, दाखवतो कधी आलात तर.

घरी आल्यावर सूनबाईने मला मशीनवर घेतलं. खालून शिवत वर आली, वरून शिवत खाली आली, आणि मध्ये डोळ्याएवढी जागा राहिली तिथे थांबली. त्या जागेच्या कडा तिने रेशमी दोऱ्याने सुरेख बांधून काढल्या, शर्टाला काज करतात तसं.

"हे काज कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"हवा खेळती राहते," ती म्हणाली.

नव्या हंगामाचा पहिला सामना परवाच झाला. आबांना नवी शिट्टी आणली आहे. त्यांनी ती फुंकली आणि सूनबाई लगबगीने माझ्यामागे आली, जरा जास्तच लगबगीने. आम्ही तीन गोलांनी हरलो. आबा अजून कारण शोधतायत. स्वेटर झाला, स्टूल झालं, सध्या माझ्या भावावर संशय आहे. त्याला उतरवून माळ्यावर टाकायचं चाललंय.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. कधी आमच्याकडे आलात आणि पडद्याला डोळ्याच्या उंचीवर काज दिसलं, तर बटण कुठाय म्हणून विचारू नका. आबांसमोर तर मुळीच नको. भाऊ माळ्यावर गेला तर मला वाईट वाटेल, खरंच वाटेल. पण परवा तिसरा गोल झाला तेव्हा घरात तिघंही हळहळले, आणि त्यातलं एक माणूस माझ्या आड उभं राहून हळहळतानाच हसत होतं. तिची पापणी मला गुदगुल्या करत होती. मी अजिबात हललो नाही.